अर्धपोटी व्यायाम आणि थकव्याचा शोध

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका उन्हाळी शिबिरात आम्ही 'अन्न आणि ऊर्जा' या विषयावर बोललो होतो. भाषण संपल्यावर चहाच्या वेळी एक शिक्षिका भेटल्या. म्हणाल्या, "सर, एक शंका आहे, पण ती पुस्तकातली नाही. तीन आठवडे झाले, मी हजार कॅलरीचा तक्ता पाळते आहे. पहाटे तासभर टेकडी चढते. टेकडीवर फारसं काही वाटत नाही. पण तिसऱ्या तासाला फळ्याशी हात वर धरवत नाही. संध्याकाळी तर नुसतं बसून राहावंसं वाटतं. अंगावर एवढी चरबी आहे, शरीरानं तिचीच ऊर्जा वापरावी ना! मग मला दमायला का होतं?"

आम्ही घाईत होतो. "होतं असं सुरुवातीला, सवय होईल," असे म्हणून मोकळे झालो. बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "मीही मुलींना हेच सांगते. खेळाच्या तासाला एखादी धावता धावता मध्येच बसली, की म्हणते, मनावर घे, जमेल."

परतीच्या एस.टी.त हे वाक्य मनातून जाईना. बाईंनी प्रश्न नेमका विचारला होता आणि आम्ही विज्ञान सोडून उपदेश केला होता. चरबीचे कोठार भरलेले असताना माणूस का थकतो, या प्रश्नाचे उत्तर मिळवायला शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे लागली. त्यासाठी कोणी डोंगर चढले, कोणी स्वतःच्या मांडीत सुई खुपसून घेतली, तर काही तरुण सहा महिने अर्धपोटी राहिले. ते उशिरा दिलेले उत्तर म्हणजे हा लेख. (यात 'उष्मांक' हा शब्द आहारशास्त्रातल्या अर्थाने, म्हणजे किलोकॅलरी या अर्थाने वापरला आहे.)

श्रमाने मांस झिजते काय?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा शब्द प्रमाण मानला जाई. १८४२ साली प्रसिद्ध झालेल्या प्राणिरसायनावरच्या ग्रंथात त्याने मांडले, की स्नायू काम करतात तेव्हा स्नायूंचे द्रव्य, म्हणजे प्रथिन, खर्च होते. पिष्टमय आणि स्निग्ध पदार्थांचे काम फक्त शरीर उबदार ठेवण्याचे. यावरून सरळ निष्कर्ष निघे, की कष्ट करणाऱ्याने मांस खावे आणि थकवा म्हणजे मांसाची झीज. ही कल्पना पुढे पुष्कळ सुधारली गेली, पण 'ताकद पाहिजे तर प्रथिन' हा तिचा अवशेष आजही व्यायामशाळांतून ऐकू येतो.

लीबिगचे म्हणणे खरे असेल तर ते मोजता यायला हवे, असे झुरिक येथील दोन प्राध्यापकांना वाटले. एक शरीरक्रियाशास्त्रज्ञ आडोल्फ फिक आणि दुसरा रसायनशास्त्रज्ञ योहानेस विस्लिसेनुस. प्रथिनात नायट्रोजन असतो. प्रथिन शरीरात वापरले गेले, की तो नायट्रोजन मुख्यतः युरियाच्या रूपाने लघवीतून बाहेर पडतो. म्हणजे लघवीतला नायट्रोजन मोजला की किती प्रथिन खर्ची पडले ते कळते. आणि केलेले काम मोजण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे डोंगर चढणे. वजन गुणिले उंची, झाले काम!

३० ऑगस्ट १८६५ रोजी हे दोघे स्वित्झर्लंडमधील ब्रिएंझ सरोवराच्या काठावरून फाउलहॉर्न नावाचे शिखर चढले. चढण १९५६ मीटर होती. आपले कळसूबाई शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे. त्याहूनही जास्त उंची ते एका सकाळी चढले. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिन पूर्ण बंद केले होते. पिठूळ स्टार्चच्या चरबीत तळलेल्या वड्या, साखर घातलेला चहा, एवढेच पोटात. वाटेत दोघेही लघवी बाटल्यांत जमा करत होते.

हिशेब आपणही वर्गात करू शकतो. फिकचे वजन सामानासह ६६ किलो. ६६ × १९५६ म्हणजे १,२९,०९६ किलोग्रॅम-मीटर इतके काम त्याने केले. विस्लिसेनुसचे ७६ किलो, म्हणजे १,४८,६५६ किलोग्रॅम-मीटर. लघवीतल्या नायट्रोजनवरून प्रत्येकाचे खर्च झालेले प्रथिन निघाले सुमारे ३७ ग्रॅम. आता ३७ ग्रॅम प्रथिनातून किती ऊर्जा मिळेल? हा आकडा त्या वेळी कोणाकडे नव्हता. तो पुढच्या वर्षी लंडनमध्ये एडवर्ड फ्रँकलंडने अन्नपदार्थ जाळून मोजला. युरियात शिल्लक राहणारी ऊर्जा वजा करता ग्रॅममागे सुमारे ४.३७ उष्मांक. एक उष्मांक म्हणजे सुमारे ४२७ किलोग्रॅम-मीटर काम. गुणाकार केला तर येतात सुमारे ६९ हजार. फिकने केलेल्या कामाच्या निम्म्याच्या आसपास! शिवाय हृदयाचे व श्वासाचे काम यात धरलेलेच नाही आणि स्नायू मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथ्या हिश्शाचे काम करतात, बाकीची उष्णता होते. म्हणजे लीबिगचा हिशेब कोणत्याच बाजूने जुळत नव्हता. डोंगर प्रथिनावर चढला गेला नव्हता, तो स्टार्चवर आणि चरबीवर चढला गेला होता.

या प्रयोगाच्या वृत्तांतात एक बारीकशी नोंद आहे. इतके चढूनही आपल्याला विशेष थकवा जाणवला नाही, असे दोघांनी लिहिले. त्या नोंदीकडे त्या काळी कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. आज ती वाचताना आपल्या लक्षात येते, की ते प्रथिनाविना चढले होते, पण उपाशी चढले नव्हते. खिशात साखर-स्टार्चची शिदोरी होती.

खिशातल्या साखरेच्या गोळ्या

प्रथिन बाजूला झाल्यावर प्रश्न उरला, की पिष्टमय पदार्थ आणि चरबी यांत स्नायूंचे खरे इंधन कोणते? दरम्यान फ्रान्समध्ये क्लोद बेर्नार याने यकृतातून ग्लायकोजेन वेगळे केले होते (१८५७). ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजचे रेणू जोडून झालेला प्राण्यांमधला स्टार्च. पुढे तो स्नायूंतही सापडला.

कोणते इंधन जळते आहे हे शरीर न उघडता ओळखण्याची एक युक्ती आहे. माणसाने आत घेतलेला ऑक्सिजन आणि बाहेर सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा. स्टार्च जळत असेल तर दोन्ही सारखे, म्हणजे गुणोत्तर १. चरबीच्या रेणूत ऑक्सिजन कमी असल्याने ती जाळायला बाहेरून जास्त लागतो, म्हणून गुणोत्तर सुमारे ०.७. याला श्वसनगुणांक म्हणतात. १९२० साली कोपनहेगनच्या आउगुस्ट क्रोग आणि योहानेस लिंडहार्ड यांनी लोकांना काही दिवस चरबीप्रधान आणि काही दिवस पिष्टप्रधान आहार देऊन जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर बसवले. चरबीवर तेवढ्याच कामाला सुमारे दहा टक्के अधिक ऊर्जा लागत होती आणि माणसे लवकर थकत होती.

यानंतर चार वर्षांनी बॉस्टन शहरात काही डॉक्टरांनी मॅरेथॉन शर्यतीच्या शेवटी धावपटूंचे रक्त तपासले. जे धावपटू गळून गेले होते, चेहरे पांढरे पडले होते, हात थरथरत होते, नीट लक्ष लागत नव्हते, त्यांच्या रक्तातली साखर फार खाली गेलेली आढळली. पुढल्या वर्षी, १९२५ साली, त्यांनी धावपटूंना आदल्या दिवशी पिष्टमय जेवण जास्त घ्यायला आणि शर्यतीत साखरेच्या गोळ्या खायला सांगितले. साखर टिकली आणि धावपटूंची अवस्थाही सुधारली. वर्षानुवर्षे 'दम नाही', 'जिद्द कमी पडली' असे ज्याला म्हणत, त्यातला एक भाग गोळीने भरून निघाला!

१९३९ साली क्रिस्टेन्सेन आणि हॅन्सेन या कोपनहेगनच्याच संशोधकांनी ही गोष्ट आणखी पक्की केली. काही दिवस चरबीप्रधान आहार घेतलेली माणसे सायकलवर सुमारे दीड तासात थकली. पिष्टप्रधान आहारावर तीच माणसे त्याच्या दुपटीहून जास्त वेळ टिकली. थकून थांबलेल्याला ग्लुकोजचे पाणी दिले, तर थोड्या वेळाने तो पुन्हा चालवू लागे. गंमत अशी, की ग्लुकोज घेतल्यावर स्नायूंच्या इंधनात फारसा बदल दिसला नाही, तरी माणूस मात्र ताजातवाना झाला. म्हणजे थकवा केवळ स्नायूंत नसतो. मेंदूचे नेहमीचे इंधन ग्लुकोज आहे आणि रक्तातले ग्लुकोज खाली गेले की 'थांब' हा हुकूम मेंदूकडूनही येतो, असे त्यांनी अनुमान काढले.

मांडीत खुपसलेली सुई

इतके झाले तरी स्नायूच्या आत किती ग्लायकोजेन आहे हे जिवंत, चालत्या-फिरत्या माणसात कोणी पाहिले नव्हते. ते शक्य झाले १९६० च्या दशकात. स्वीडनमधील डॉक्टर योनास बेर्गस्ट्रॉम यांनी एक पोकळ सुई वापरात आणली. जागा बधिर करून ती मांडीच्या स्नायूत घालायची आणि भाताच्या शितापेक्षा फार मोठा नसलेला तुकडा काढायचा.

१९६६ साली बेर्गस्ट्रॉम आणि त्यांचे सहकारी एरिक हुल्टमन यांनी एक साधा, पण सुंदर प्रयोग केला. सायकल एकच ठेवली. एकाने एका बाजूने एका पायाने पेडल मारायचे, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने. प्रयोगाची माणसे हे दोघे स्वतःच होते. पाय गळून जाईपर्यंत सायकल चालवली. मग दोन्ही मांड्यांतून तुकडे काढले. चाललेल्या पायातले ग्लायकोजेन जवळजवळ संपलेले, विश्रांती घेतलेल्या पायातले जसेच्या तसे. माणूस एक, रक्त एक, जेवण एक, पण एक पाय थकलेला आणि दुसरा ताजा. पुढले तीन दिवस पिष्टमय जेवण घेतले, तेव्हा थकलेल्या पायात ग्लायकोजेन दुसऱ्या पायाच्या सुमारे दुप्पट साठले.

पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी दोघा सहकाऱ्यांबरोबर आहाराचा परिणाम मोजला. नेहमीच्या मिश्र आहारावर माणसे जोराचा व्यायाम सुमारे दोन तास करू शकत. पिष्टमय पदार्थ जवळजवळ वगळले, तर सुमारे एक तास. भरपूर दिले, तर पावणेतीन तासांच्या आसपास. स्नायूतले सुरुवातीचे ग्लायकोजेन जितके, तितका टिकाव.

रोकड आणि मुदत ठेव

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. अंगावर चरबी असताना ग्लायकोजेनसाठी अडावे का?

साधारण प्रौढ माणसाच्या यकृतात ८० ते १०० ग्रॅम आणि स्नायूंत ३०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन असते. सगळे मिळून दीड-दोन हजार उष्मांक. याउलट दहा किलो चरबीत सत्तर हजारांहून अधिक उष्मांक असतात. चरबी ही बँकेतली मुदत ठेव, ग्लायकोजेन ही खिशातली रोकड. ठेव मोठी असली तरी ती ठरावीक गतीनेच मोडता येते. संथ चालताना किंवा झोपेत ती गती पुरते. चढ लागला, पावले भराभर पडू लागली, की तेवढ्या वेगाने चरबी जळू शकत नाही आणि रोकड काढावी लागते. शिवाय या बँकेचा एक विचित्र नियम आहे. चरबीतून ग्लुकोज जवळजवळ बनवता येत नाही. चरबीच्या रेणूतला ग्लिसरॉलचा छोटा तुकडा तेवढा उपयोगी पडतो. म्हणून रोकड संपल्यावर शरीर काही प्रमाणात स्नायूंतले प्रथिन मोडून ग्लुकोज तयार करते. लीबिगची झीज खरी ठरते ती इथे, उपासमारीत!

हजार उष्मांकांच्या तक्त्यात भात-पोळी सर्वांत आधी कापलेली असते. रात्रभरात यकृतातला साठा बराच उतरतो. पहाटेची टेकडी स्नायूंतला साठा उतरवते. नंतर पेलाभर ताक आणि काकडी. साठा भरून निघायला माल येतच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा टेकडी. दोन-तीन आठवड्यांत बाई रोज सकाळी अर्ध्या रिकाम्या खिशाने घराबाहेर पडत असणार. टेकडी कशीबशी निभते, कारण ती पहिल्या तासात असते. बिल येते ते तिसऱ्या तासाला, फळ्यापाशी.

याच साठ्याशी आणखी एक गोष्ट निगडित आहे. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. तक्ता सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात वजनकाटा झपकन दीड-दोन किलो खाली येतो, त्यातला मोठा वाटा या पाण्याचा असतो. आपण खूश होतो ते चरबी गेली म्हणून, पण गेलेली असते रोकड.

या थकव्याचे खापर अनेकदा लॅक्टिक आम्लावर फोडले जाते. पण व्यायामात वाढलेले लॅक्टेट व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात पूर्ववत होते. दुपारच्या थकव्याचा दोष त्याला देता येत नाही.

स्टेडियमखालची प्रयोगशाळा

इथवरचे उत्तर काही तासांच्या थकव्याचे झाले. आठवडे, महिने कमी खाल्ले तर काय होते? त्याचे एक उत्तर पहिल्या महायुद्धाच्या काळात शोधले गेले. १९१७-१८ साली फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वाय.एम.सी.ए. महाविद्यालयातील तरुणांना काही महिने कमी आहारावर ठेवले. हे महाविद्यालय शारीरिक शिक्षणासाठी प्रसिद्ध होते. बास्केटबॉलचा जन्म तिथलाच, १८९१ चा. वजन सुमारे दहा-बारा टक्के उतरले तेव्हा विश्रांतीच्या वेळचा ऊर्जेचा खर्च जवळपास पाचव्या हिश्शाने घटला होता. म्हणजे उत्पन्न घटल्यावर शरीरानेही घरखर्च कमी केला होता.

हा घरखर्च कशात कमी होतो, हे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस दिसले. युरोपात लाखो माणसे उपासमारीत होती. आपल्याकडे १९४३ चा बंगालचा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. उपाशी माणसाला पुन्हा कसे उभे करावे, याची पक्की माहिती डॉक्टरांकडे नव्हती. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात स्टेडियमच्या प्रेक्षकगॅलरीखालच्या खोल्यांत अ‍ॅन्सेल कीज यांची प्रयोगशाळा होती. नोव्हेंबर १९४४ मध्ये तिथे ३६ तरुण स्वेच्छेने दाखल झाले. शस्त्र हाती घ्यायला त्यांचा सदसद्विवेकबुद्धीने विरोध होता. त्याऐवजी समाजाच्या उपयोगाचे काही करावे म्हणून त्यांनी हा प्रयोग पत्करला.

पहिले बारा आठवडे पुरेसे जेवण. मग फेब्रुवारी ते जुलै १९४५ असे चोवीस आठवडे दिवसाला सरासरी सुमारे १५७० उष्मांक, म्हणजे आधीच्या निम्म्याहून कमी. बटाटे, सलगमासारखे कंद, कोबी, पाव, मॅकरोनी. दिवसातून दोन जेवणे आणि आठवड्याला २२ मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर, चालणे. कमी खाऊन व्यायाम, तोही काटेकोर मोजमापाखाली.

वजन सुमारे एक चतुर्थांश उतरले. हाताच्या पकडीची आणि पाठीची ताकद सुमारे तीस टक्क्यांनी घटली. पण दमाच्या, टिकून राहण्याच्या चाचणीतले गुण त्याहून कितीतरी जास्त, तीन चतुर्थांशांच्या जवळपास घसरले. विश्रांतीतला ऊर्जेचा खर्च सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाला. शरीर लहान झाल्यामुळे यातला बराच भाग आपोआप घटला होता. पण उरलेल्या पेशीही पूर्वीपेक्षा काटकसर करीत होत्या. हृदयाचे ठोके मंदावले. उन्हाळ्यात तरुण पांघरूण मागू लागले. जिने चढणे जड वाटू लागले आणि प्रत्येक हालचाल वाचवण्याकडे कल झाला. चिडचिड, उदासी आणि सतत खाण्याचे विचार सुरू झाले.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण वेगळेच आहे. तरुण म्हणत, आमचे डोके चालत नाही, लक्ष लागत नाही. पण बुद्धिमत्तेच्या चाचण्या घेतल्या तर गुण फारसे कमी आले नाहीत. म्हणजे कोणी समोर बसून करायला लावले तर जमत होते, आपणहून काही करण्याची उमेद मात्र आटली होती. ही माणसे आळशी नव्हती. तत्त्वासाठी उपाशी राहायला स्वतःहून आलेली माणसे ती. त्यांच्याइतके 'मनावर घेणारे' दुसरे कोण सापडणार? तरीही ती थकली.

पुन्हा भरून येण्याच्या काळात कीज यांनी वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे उष्मांक दिले. काहींना जादा प्रथिन, काहींना जादा जीवनसत्त्वे. प्रथिनाच्या आणि जीवनसत्त्वांच्या भरीने विशेष फरक पडला नाही. फरक पडला तो उष्मांकांनी. १९५० साली हे सारे संशोधन दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध झाले.

येथे एक सावधगिरी हवी. हे तरुण मुळात सडसडीत होते आणि प्रयोग सहा महिने चालला. ज्याच्या अंगावर जादा चरबी आहे आणि जो थोडे कमी खातो, त्याची इतकी दुर्दशा होत नाही. जादा वजन कमी करणे चांगलेच आणि त्यासाठी खाणे थोडे आवरावे लागते हेही खरे. पण तत्त्व तेच राहते. आवक फार कमी झाली, की शरीर जावक कमी करते आणि जावक कमी करण्याचा त्याचा एक मार्ग म्हणजे आपल्याला खाली बसवणे. ज्याला आपण थकवा म्हणतो, तो पुष्कळदा शरीराने घातलेला काटकसरीचा आदेश असतो.

खेळाच्या तासाला बसलेली मुलगी

अमेरिकेत अ‍ॅन लाउक्स यांनी १९९० च्या दशकापासून तरुण स्त्रियांवर प्रयोग करून दाखवले, की व्यायामाचा खर्च वजा जाता शरीराच्या बाकीच्या कामांना उरणारी ऊर्जा फार कमी पडली, तर पाच दिवसांतच मासिक पाळीचे नियंत्रण करणाऱ्या संप्रेरकाचा ताल बिघडतो. ही तूट कमी खाण्याने आली की जास्त व्यायामाने, याने फरक पडत नाही. पुढे पाळी थांबणे, हाडे ठिसूळ होणे, सतत थकवा अशी साखळी लागते. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने खेळाडूंमधील या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले आणि ती पुरुष खेळाडूंतही आढळते असे नोंदवले.

आपल्याकडे यात आणखी एक भर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तातले हिमोग्लोबिन कमी, म्हणजे स्नायूंना पोचणारा ऑक्सिजन कमी. अशी मुलगी संकष्टी वा गुरुवारचा उपवास करून किंवा वजन वाढेल म्हणून डबा न खाता मैदानात उतरली, तर ती मध्येच बसणार. तिच्या मनाचा यात दोष शोधण्याआधी तिच्या पोटाचा आणि रक्ताचा विचार करायला हवा.

हा विषय आठवी-नववीच्या वर्गात सहज घेता येईल. मुलांना शाळेच्या जिन्याची उंची मोजायला सांगा. स्वतःच्या वजनाने गुणा, फिकसारखे काम काढा. ४२७ ने भागून उष्मांक काढा आणि स्नायूंची कार्यक्षमता एक चतुर्थांश धरून चारने गुणा. येणारा आकडा इतका लहान असतो, की मुले चकित होतात. मग विचारा, जिना चढायला इतके थोडे लागते, तर दिवसभराचे दोन हजार उष्मांक जातात कुठे? हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे, शरीराची ऊब आणि वाढत्या वयात वाढ. व्यायाम हा खर्चाचा एक भाग आहे, घर चालवणे हा मोठा भाग. खाणे फार तोडले तर काटकसर या घरखर्चात होते, हे मग समजावून सांगावे लागत नाही. हा पाठ घेताना कोणाचेही वजन सर्वांसमोर घेऊ नये. त्यासाठी ५० किलोचा कल्पित विद्यार्थी पुरेसा आहे.

त्या बाई पुन्हा भेटल्या नाहीत. भेटल्या असत्या तर आम्ही म्हटले असते, बाई, टेकडी सोडू नका. हजाराचा तक्ता मात्र सोडा. इतका कमी आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये. खाणे थोडेच कमी करा आणि वजन सावकाश उतरू द्या. टेकडीवरून आल्यावर पोळी-भाजी, पोहे, उसळ असे काही पोटभर खाऊन शाळेत जा. तरीही दोन-तीन आठवड्यांत थकवा गेला नाही, तर रक्त तपासून घ्या. तुमचे शरीर तुम्हाला खरेच सांगत होते. सवयीचा सल्ला आम्ही दिला तो चुकीचा होता.

आणि उद्या खेळाच्या तासाला एखादी मुलगी धावता धावता खाली बसली, तर 'मनावर घे' म्हणण्याआधी तिच्याजवळ जाऊन हळूच विचारा, "सकाळपासून काय खाल्लंस गं?"